दुष्काळी वाटेवरचे धावपटू

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बारामतीहून इंदापूरकडे पहाटे पाचच्या एसटीने निघालात, तर रस्त्याच्या कडेने पळणारी मुलं तुम्हाला जागोजागी दिसतील. भवानीनगर, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी. प्रत्येक गावाबाहेर चार-सहा जणांचा एक घोळका असतोच. कुणाच्या पायात थोरल्या भावाचे जुने बूट, कुणी सरळ अनवाणी. थंडीत तोंडातून वाफा निघत असतात आणि मागून उसाचा ट्रॅक्टर आला, की सगळे खाली साइडपट्टीवर उतरतात. त्यातल्या कुणालाही थांबवून विचारा, ‘‘कशासाठी पळतोस बाबा?’’ उत्तर ठरलेलं असतं, ‘‘भरतीसाठी.’’ ‘‘किती पळतोस?’’ ‘‘सोळाशे.’’ मुलगी असेल तर म्हणते, ‘‘आठशे.’’ पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर धावावं लागतं. आमच्या भागातल्या तरुणांचं धावणं तिथं सुरू होतं आणि बहुतेकांचं तिथंच संपतं.

मी काही क्रीडा समीक्षक नव्हे. मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. मोरोपंतांच्या बारामतीत राहायचं म्हटलं, की मात्रा मोजायची सवय लागतेच. बहुधा त्या सवयीमुळेच मला धावण्याच्या शर्यतींचं वेड लागलं असावं. एका फेरीला किती सेकंद, शेवटच्या फेरीला किती, कुठं गती वाढली, कुठं श्वास राखला, हे सगळं मला मात्रांच्या हिशेबासारखंच वाटतं. म्हणून आज ऑलिंपिकमधल्या धावपटूंविषयी बोलावं म्हणतो. तेही लांबच्या नव्हे, तर आपल्या इंदापूर-बारामतीहून एका दिवसात जाऊन परत येता येईल अशा गावांमधून निघून ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उतरलेल्या दोघांविषयी. पण त्याआधी थोडं मागं जाऊ.

भारतातून पहिला संघ ऑलिंपिकला गेला तो १९२० साली, बेल्जियममधल्या अँटवर्पला. त्या संघाची मुळं पुण्यात आहेत, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसतं. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना अध्यक्ष म्हणून सर दोराबजी टाटा आले होते. तिथं शेतात राबणारी, अनवाणी धावणारी खेड्यातली मुलं त्यांनी पाहिली. ना धड मैदान, ना कुणाचं प्रशिक्षण, ना नियमांची माहिती. तरीही लांब पल्ल्याच्या शर्यतीत त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या फार मागे नव्हती. ही मुलं ऑलिंपिकला का जाऊ नयेत, असा विचार दोराबजींच्या मनात आला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्याशी बोलणं झालं, पुढच्या वर्षी पुण्यात निवड झाली आणि चार धावपटू व दोन पैलवान बोटीत बसले.

त्या चौघांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. अँटवर्पची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब होती, ४२.७५० किलोमीटरची. ती फिनलंडच्या हानेस कोलेहमायनेनने २ तास ३२ मिनिटांत जिंकली. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण केली आणि ते एकोणिसावे आले. विजेत्याच्या मागे अठरा मिनिटं. पण ज्या गड्याने तोवर परदेशी मैदानाचा गंधही घेतलेला नव्हता, त्याने पहिल्याच ऑलिंपिकमध्ये जगातल्या पहिल्या विसांत नाव लावलं. याच शर्यतीत सदाशिव दातार नावाचे आणखी एक मराठी धावपटूही उतरले होते. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट आपल्या क्रमिक पुस्तकांत ठळकपणे यायला हवी होती. आपल्याकडे पैलवानाचं नाव गावोगाव राहतं, पळणाऱ्याचं मात्र राहत नाही.

पैलवानावरून आठवलं. १९५२ साली हेलसिंकीला आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, ते आपण अभिमानाने सांगतो. त्याच हेलसिंकीत, त्याच दिवसांत, धावण्याच्या इतिहासातली एक अचाट गोष्ट घडत होती. चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने आधी दहा हजार मीटरचं सुवर्ण जिंकलं, मग पाच हजार मीटरचं, आणि शेवटी मॅरेथॉनमध्ये नाव दिलं. मॅरेथॉन तो आयुष्यात कधीच धावला नव्हता. ती शर्यतही त्याने जिंकली. एकाच ऑलिंपिकमध्ये या तिन्ही शर्यती जिंकणं त्यानंतर कुणालाही जमलेलं नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सची सिफान हसन त्याच्या जवळपास पोचली. पाच हजार आणि दहा हजार मीटरमध्ये कांस्य मिळवून, शेवटच्या दिवशी तिने मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकलं. ही सिफान मूळची इथिओपियाची, लहानपणी निर्वासित म्हणून युरोपात आलेली.

इथिओपियाचंच नाव निघालं तर अबेबे बिकिलाला वगळून कसं चालेल? १९६० साली रोममध्ये त्याने अनवाणी मॅरेथॉन जिंकली. शर्यत संध्याकाळी सुरू झाली आणि मशालींच्या उजेडात संपली. वेळ २ तास १५ मिनिटे १६ सेकंद, तेव्हाची जगातली सर्वोत्तम. चार वर्षांनी टोकियोत, अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन जेमतेम दीड महिना झालेला असताना, तो पुन्हा जिंकला. या वेळी बूट घालून. आमच्याकडे अजूनही कुणी अनवाणी पळू लागला, की लोक कौतुकाने बिकिलाचं नाव घेतात. मला तेव्हा सांगावंसं वाटतं, बिकिलाने दुसऱ्यांदा बूट घातले होते आणि वेळ तीन मिनिटांनी कमी केली होती. अनवाणी असणं ही त्याची थोरवी नव्हती. ती त्याच्या पायांत आणि छातीत होती.

आता बायकांचं पाहू. १९२८ साली अॅमस्टरडॅमला स्त्रियांसाठी आठशे मीटरची शर्यत ठेवली गेली. शर्यत संपल्यावर काही जणी दमून मैदानावर बसल्या, आणि एवढ्यावरून ‘बायकांना हे झेपत नाही’ असा निकाल देऊन ती शर्यत बंद करण्यात आली. ती परत सुरू व्हायला १९६० साल उजाडलं. स्त्रियांची पंधराशे मीटरची शर्यत १९७२ ला आली, मॅरेथॉन १९८४ ला, आणि ज्या शर्यतीविषयी मी पुढं बोलणार आहे ती स्टीपलचेस तर थेट २००८ ला. म्हणजे बाई किती लांब पळू शकते, हे ठरवायला ऑलिंपिकवाल्या पुरुषांना ऐंशी वर्षं लागली. दम बायकांमध्ये होताच, परवानगी तेवढी नव्हती.

१९८४ चं ऑलिंपिक मला चांगलं आठवतं. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या घरी टीव्ही नव्हता, रेडिओ होता. अब्बा बांगड्यांची पेटी सायकलला बांधून बाजाराच्या गावी निघायच्या आधी सकाळच्या बातम्या ऐकत. ऑगस्टमधल्या एका सकाळी बातमी लागली, की लॉस एंजलिसला पी. टी. उषाचं कांस्यपदक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. अब्बांनी मला विचारलं, ‘‘सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे किती रे?’’ मला सांगता आलं नाही. आज सांगता येतं. चारशे मीटर अडथळ्यांची ती शर्यत उषाने ५५.४२ सेकंदांत पूर्ण केली होती. त्या सरासरी वेगाने एका शतांश सेकंदात माणूस सात सेंटिमीटर पुढं जातो. सात सेंटिमीटर म्हणजे चार बोटांची रुंदी. एका देशाचं पदक चार बोटांनी गेलं. याच शर्यतीत मोरोक्कोच्या नवाल अल मुतवक्किलने सुवर्ण जिंकलं. अरब देशातल्या मुस्लिम मुलीने ऑलिंपिक सुवर्ण जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. अब्बा त्या दिवशी दोन्ही मुलींची नावं घोकत बाजाराला गेले.

उषानंतर भारताची एखादी मुलगी ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत दिसायला बत्तीस वर्षं जावी लागली. ती मुलगी आपल्या शेजारच्या माण तालुक्यातली निघाली. सातारा जिल्ह्यातल्या मोही गावची ललिता बाबर.

बारामतीहून फलटण, फलटणवरून दहिवडी असं गेलात, की माणदेश सुरू होतो. नीरेचा कालवा मागं राहतो, उसाची हिरवाई संपते आणि माळ सुरू होतात. ज्या माणदेशातून माणसं पाण्यासाठी आणि पोटासाठी बाहेर पडत आली, तिथली ही शेतकऱ्याची मुलगी आधी मॅरेथॉन धावायची. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती लागोपाठ तीन वर्षं पहिली आली. मग तिने मॅरेथॉन सोडून तीन हजार मीटर स्टीपलचेस धरली. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत कांस्य, २०१५ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिक. पात्रता फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला. दोन दिवसांनी, म्हणजे नेमकी १५ ऑगस्टला, अंतिम फेरी झाली आणि ललिता दहावी आली.

ही स्टीपलचेस म्हणजे काय प्रकरण आहे, ते थोडं समजावून सांगतो. इंग्लंड-आयर्लंडमध्ये पूर्वी घोडेस्वार एका चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या चर्चच्या मनोऱ्यापर्यंत शर्यत लावत. मनोऱ्याला स्टीपल म्हणतात. वाटेत येतील ती कुंपणं आणि ओढे ओलांडत जायचं. पुढं घोड्यांच्या जागी माणसं आली. आज ट्रॅकवर कुंपणाच्या जागी लाकडी अडथळे असतात आणि ओढ्याच्या जागी पाण्याचा खड्डा. साडेसात फेऱ्यांत २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाणी, अशा ३५ उड्या. अडथळ्याची उंची पुरुषांसाठी साधारण तीन फूट, स्त्रियांसाठी अडीच फूट. नेहमीच्या हर्डल्सच्या शर्यतीत पाय लागला तर अडथळा पडतो. इथला अडथळा जड असतो, तो पडत नाही, धावणारा पडतो. पाण्याचा खड्डा अडथळ्यापाशी सर्वांत खोल आणि पुढं उथळ होत जातो. म्हणून धावपटू अडथळ्यावर एक पाय देऊन जितकं लांब जाता येईल तितकं झेपावतो. जेवढं लांब, तेवढं पाणी कमी, आणि तेवढा पुढच्या पावलाला वेळ कमी लागतो. बूट मात्र पहिल्याच फेरीत भिजतात आणि शेवटपर्यंत ओलेच राहतात.

आणखी एक फरक आहे, तो मला कवी म्हणून फार आवडतो. एकशे दहा मीटर हर्डल्समध्ये दोन अडथळ्यांमधली पावलं ठरलेली असतात, एखाद्या गणवृत्तासारखी. स्टीपलचेसमध्ये तसं नसतं. समोर गर्दी, बाजूला धक्के, त्यातून अडथळा कधी डाव्या पायावर येतो, कधी उजव्या. धावता धावताच अंदाज घ्यावा लागतो. ही ओवीची रीत झाली. चरण कमी-जास्त होतो, पण जात्याची लय तुटता कामा नये.

आता आपल्या भरतीच्या हिशेबात ललिताची वेळ बसवून पाहू. ९ मिनिटे १९.७६ सेकंद म्हणजे दर आठशे मीटरला सरासरी २ मिनिटे २९ सेकंद. आमच्या रस्त्यावरची मुलगी भरतीसाठी एकदाच, सपाट मैदानावर आठशे मीटर धावते. ललिता त्यापेक्षा जवळपास चौपट अंतर, ३५ उड्या घेत, त्या गतीने धावली. पुढं पारुल चौधरीने तिचा विक्रम मोडला, ते चांगलंच झालं. विक्रम मोडण्यासाठीच असतात. ललिता पुढं राज्य शासनाच्या महसूल खात्यात अधिकारी झाली.

दुसरं गाव आपल्या उलट्या दिशेला आहे. इंदापूरहून उजनीचं पाणी ओलांडून करमाळ्याकडून वर गेलं, की बीड जिल्ह्याचा आष्टी तालुका लागतो. तिथल्या मांडवा गावचा अविनाश साबळे. जन्म १९९४ चा. आईवडील शेतीबरोबर वीटभट्टीवर राबणारे. शाळा सहा किलोमीटर लांब, एसटीची सोय नाही, म्हणून पोरगं चालत-पळत शाळेला जायचं. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनची थंडी, राजस्थानचं वाळवंट, मग सिक्कीम. खेळाडू म्हणून तो सैन्यात गेला नव्हता, साधा जवान म्हणून गेला होता. तिथं क्रॉसकंट्रीच्या शर्यतीत त्याचे पाय लोकांच्या नजरेत आले. दुखापतीने वजन वाढलं, तेव्हा तीन महिन्यांत वीसेक किलो उतरवून तो परत आला. सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं.

२०१८ साली त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा, सदतीस वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यानंतर तो स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत राहिला. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, ८ मिनिटे १८.१२ सेकंदांची वेळ देऊनही त्याची अंतिम फेरी हुकली. कारण त्याच्या पात्रता गटात फार वेगवान धावपटू होते. अंतिम फेरी न गाठणाऱ्यांत त्याची वेळ सर्वांत चांगली होती. याला नशीब म्हणायचं तर म्हणा. त्याने पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत उत्तर दिलं. १९९४ नंतर या शर्यतीचं एकही पदक केनियाबाहेर गेलेलं नव्हतं. साबळेने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य घेतलं. सुवर्ण घेणारा केनियाचा अब्राहम किबिवोट त्याच्यापुढं होता फक्त ०.०५ सेकंद. सरासरी वेगाने मोजलं तर जेमतेम एक फूट.

त्या एका फुटाची किंमत कळायची तर केनिया ध्यानात घ्यायला हवा. १९६८ पासून २०१६ पर्यंत केनियाने ज्या ज्या ऑलिंपिकमध्ये भाग घेतला, त्या प्रत्येक वेळी पुरुषांच्या स्टीपलचेसचं सुवर्ण केनियाकडेच गेलं. ही साखळी टोकियोत मोरोक्कोच्या सूफियान अल बक्कालीने तोडली आणि पॅरिसमध्ये तो पुन्हा जिंकला. अशा लोकांच्या पंगतीत आष्टी तालुक्यातला गडी जाऊन बसला. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचं सुवर्ण आणि पाच हजार मीटरचं रौप्य मिळवलं. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीग स्पर्धेत ८ मिनिटे ०९.९१ सेकंद अशी वेळ दिली. पुढच्याच महिन्यात पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तो उतरला. या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष. तिथं तो अकरावा आला.

पुन्हा भरतीचा हिशेब. ८ मिनिटे ०९.९१ म्हणजे दर फेरीला ६५ सेकंद, म्हणजे सोळाशे मीटरला ४ मिनिटे २१ सेकंद, आणि त्या सोळाशेत वीस उड्या. आमच्याकडे सपाट मैदानावर पाच-सव्वापाच मिनिटांत सोळाशे पळणाऱ्याला गावातली पोरं ‘मशीन’ म्हणतात.

जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीपाशी साबळे पडला. गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. ज्या पाण्यासाठी त्याच्या तालुक्यातली माणसं रानोमाळ फिरतात, त्या पाण्याने त्याचा पाय धरला, असं एखादा कवी लिहून मोकळा होईल. मी लिहिणार नाही. ती खेळातली दुखापत होती आणि खेळात ती होते.

मोही आणि मांडवा, दोन्ही दुष्काळी पट्ट्यातली गावं. तिकडं नाशिकच्या आदिवासी भागातल्या सावरपाड्याची कविता राऊत आठवा. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवणारी, २०१६ ला ऑलिंपिक मॅरेथॉन धावलेली. मग लोक पटकन म्हणतात, ‘‘उपासमारीतूनच धावपटू घडतो. पोट भरलेल्याचं ते काम नाही.’’ हे वाक्य मला अजिबात मान्य नाही. उपासमारीतून धावपटू घडत असते, तर आपल्याकडे पदकांचा ढीग लागला असता. शाळेची लांब वाट, माळरानाची चढण आणि कष्टाची सवय यांनी पायांना बळ दिलं असेल. पण धावपटू घडला तो त्यानंतर, म्हणजे सैन्याने किंवा रेल्वेने पगाराची नोकरी दिली, पोटभर खाऊ घातलं, प्रशिक्षक दिला, सिंथेटिक ट्रॅक दिला, उंचावरच्या हवेत सरावाला पाठवलं, तेव्हा. साबळे अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये समुद्रसपाटीपासून सुमारे सहा हजार फूट उंचीवर सराव करत असे. तिथं हवा विरळ असते. शरीर रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवतं आणि खाली उतरून पळताना त्याचा फायदा मिळतो. दारिद्र्य माणसाला पळायला लावतं, पण ऑलिंपिकला पोचवत नाही.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण यात आम्हा बारामती-इंदापूरकरांचा थेट संबंध आहे. आमच्याकडं माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, नीरा-भीमा असे साखर कारखाने आहेत. दिवाळी झाली की ऊस तोडायला टोळ्या येतात. कुठून येतात? बऱ्याचशा बीड जिल्ह्यातून. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार. म्हणजे ज्या तालुक्याने साबळे दिला, त्या तालुक्यातली पोरं दरवर्षी पाच-सहा महिने आमच्या बांधावर, कोपीत राहायला असतात. आईबाप पहाटे कोयता घेऊन फडात जातात. पोरं लहान भावंडं सांभाळतात, लांबच्या नळावरून पाणी आणतात, भरल्या बैलगाडीच्या मागं पळतात. काहींसाठी साखरशाळा असतात, काही गावाकडं हंगामी वसतिगृहात राहतात, पण पुष्कळांची शाळा ऑक्टोबरला सुटते ती कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत. साबळेची शाळा सहा किलोमीटर लांब होती, पण ती सुटली नाही. तो बारावी झाला म्हणून भरतीला उभा राहू शकला. आमच्या फडातल्या पोराची शाळा पाचवीलाच सुटली, तर त्याचे पाय कितीही चांगले असोत, ते बघणार कोण?

आणि आमच्या मुलींचं काय? आमच्या नात्यातली एक मुलगी चांगली पळायची. आठवीत गेल्यावर घरात कुजबुज सुरू झाली, पोरीनं आता पहाटे रस्त्यावर जाऊ नये. माझ्या अम्मीनं कुणाशी वाद घातला नाही. ती पहाटेची नमाज झाली की हातात तसबीह घेऊन कालव्याच्या पुलाच्या कठड्यावर जाऊन बसायची, आणि पोरगी भरावावर फेऱ्या मारायची. दूध घालायला जाणारे लोक विचारायचे, ‘‘काय चाची, पोरीला पळवताय व्हय?’’ अम्मी म्हणायची, ‘‘ती पळतीय. मी बसलीय.’’ तीन वर्षं ती अशी बसली. ती मुलगी आज पोलीस दलात आहे. पण भरती झाली आणि तिचं धावणंही सुटलं. आठशेच्या पुढं पंधराशे असतात, तीन हजार असतात, हे तिला तेव्हा सांगणारं कुणी भेटलं नाही. अम्मी तर आणखी दहा वर्षं बसायला तयार होती.

बायकांनी रस्त्यावर पळू नये म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो, तुम्ही आषाढात बेलवाडीला कधी गेला आहात का? तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसरला मुक्काम करून बेलवाडीला येते आणि तिथं गोल रिंगण होतं. पताकावाले धावतात, वीणेकरी धावतात, मृदंगवाले धावतात, मग अश्व धावतो. त्यात डोक्यावर तुळशी वृंदावन घेतलेल्या बायका नऊवारी नेसून, काही तर साठी उलटलेल्या, भर उन्हात रिंगणाभोवती धावतात. आमच्या मोहल्ल्यातले लोकही पाणी वाटायला जातात आणि उभे राहून बघतात. त्या बायकांना कुणी म्हणत नाही, की हे तुम्हाला शोभत नाही. मग तेच पाय दुसऱ्या दिवशी मैदानावर का शोभू नयेत?

मला मोठ्या स्टेडियमची मागणी करायची नाही. पुण्याला बालेवाडीत तसं मैदान आहे, सैन्याची क्रीडा संस्था आहे. कुणात खरोखर दम दिसला तर तिथवर पोचवता येतो. प्रश्न दिसण्याचा आहे. त्यासाठी गावातल्या शाळेत एक घड्याळ आणि एक वही पुरेशी आहे. चारशे मीटरचं वर्तुळ चुन्याने आखावं. वर्षातून दोनदा प्रत्येक मुलामुलीची वेळ घ्यावी. सोळाशे आणि आठशेवर न थांबता तीन हजार मीटरचीही घ्यावी. भरतीच्या अकादम्या चालवणाऱ्यांनी शंभरातल्या दोघा-चौघांना तरी सांगावं, की तुमचं काम भरतीवर संपत नाही, सैन्यात किंवा पोलिसांत गेल्यावर तिथल्या क्रीडा विभागाचं दार वाजवा. साबळेचं धावणं नोकरी लागल्यावरच सुरू झालं, एवढं एक उदाहरण त्यांना पुरे आहे.

आणि कारखान्याच्या कार्यक्षेत्रातल्या गुरुजींना, बाईंना एक विनंती. तोडणीवाल्यांचं पोर हंगामापुरतं तुमच्या शाळेत आलं, तर हजेरीपटाबरोबर त्या धावण्याच्या वहीतही त्याचं नाव लिहा. जाताना त्याची वेळ एका कागदावर लिहून, सही-शिक्का करून त्याच्या आईच्या हातात द्या. गावाकडच्या शाळेतल्या शिक्षकांना तो कागद दाखवायला सांगा. पुढच्या दिवाळीला टोळी परत येईल, तेव्हा त्या पोराची वेळ पुन्हा घ्या आणि किती सेकंद कमी झाले ते बघा.